कुळथाला रक्त कळतं

(आकाशवाणीवरील भाषणाचं संपादित रूप)

कुळथाला आपल्याकडे कधी मानाचं पान मिळालं नाही. देशावर त्याला हुलगा म्हणतात आणि घोड्याबैलांना भरडून घालतात. कोकणात घरात दुसरं काही नसलं की कुळथाचं पिठलं होतं. घिवलीच्या आमच्या घरात त्यात सोडे पडतात, एवढाच काय तो फरक. मुतखडा झालेल्याला त्याचं कढण पाजतात. पाहुण्याला मात्र कुणी हौसेनं कुळीथ वाढत नाही. या धान्यानं १९५१ साली वैद्यकाच्या इतिहासात नाव मिळवलं, आणि तेही पुण्यात बसून.

पुण्याच्या सशस्त्र सेना वैद्यकीय महाविद्यालयात जी. डब्ल्यू. जी. बर्ड नावाचे लष्करी डॉक्टर रक्तगटांचा अभ्यास करत होते. त्यांनी कुळथाचे दाणे वाटून त्यातला अर्क मिठाच्या पाण्यात उतरवला आणि तो वेगवेगळ्या माणसांच्या रक्तात मिसळून पाहिला. ‘ओ’ आणि ‘बी’ गटांचं रक्त जसंच्या तसं राहिलं. ‘ए’ गटाच्या रक्तातल्या तांबड्या पेशी मात्र एकमेकींना चिकटल्या आणि त्यांचे डोळ्यांना दिसतील असे पुंजके झाले. पुढे आणखी एक गोष्ट लक्षात आली. ‘ए’ गटाचेही ‘ए-एक’ आणि ‘ए-दोन’ असे पोटभेद असतात. अर्क बेताचा पातळ केला तर कुळीथ फक्त ‘ए-एक’ला धरतो, ‘ए-दोन’ला सोडून देतो. बर्ड यांनी हे आधी बंगळूरच्या ‘करंट सायन्स’ मासिकात आणि पुढच्या वर्षी ‘नेचर’मध्ये छापलं. आजही रक्तपेढ्यांत हा पोटभेद ओळखायला कुळथाच्या अर्काचीच बाटली वापरतात. वनस्पतीचं शास्त्रीय नाव मधल्या काळात बदललं, बाटलीवर बहुधा जुनंच असतं. सरकारी कागदांवर आपल्या गावांची जुनी नावं राहतात, तसंच.

कुळथाला रक्तातलं काय कळतं? याचं उत्तर एका शब्दात द्यायचं तर साखर. चहात घालतो ती नव्हे, पण तिच्याच गोतावळ्यातली. आपल्या प्रत्येक पेशीच्या अंगावर साखरेच्या लहान लहान साखळ्यांचं रान माजलेलं असतं. ‘ए’ गटाच्या पेशीवरच्या साखळीच्या टोकाला जी साखर असते, तिचं नाव एन-असिटिल-गॅलॅक्टोसामाइन. नाव जिभेवर बसणारं नाही, पण पुढे ते पुन्हा लागणार आहे. ‘बी’ गटाच्या टोकाला नुसतं गॅलॅक्टोज. ‘ओ’ गटात ही शेवटची साखर नसतेच. तिच्या अलीकडची, फ्युकोज नावाची साखर उघडी राहते. कुळथाच्या दाण्यात एक प्रथिन आहे. त्याला खोबणी आहेत, आणि त्या खोबणींत पहिली साखर नेमकी बसते, दुसऱ्या बसत नाहीत.

दाण्यांमधल्या अशा प्रथिनांची ओळख त्याआधीची. १८८८ साली डोरपाट इथे, म्हणजे आजच्या एस्टोनियातल्या तार्तू शहरात, श्टिलमार्क या संशोधकाला एरंडाच्या बियांतलं विषारी प्रथिन रक्ताचे पुंजके करताना दिसलं. ते साखरेला धरतं, हे मात्र तेव्हा कुणाच्या ध्यानात आलं नाही. ती गोष्ट अमेरिकेत जेम्स समनर यांनी उजेडात आणली. त्यांनी अबईच्या जातीच्या शेंगांतलं एक प्रथिन १९१९ साली स्फटिकरूपात वेगळं केलं होतं. १९३६ साली त्यांनी आणि हॉवेल यांनी दाखवलं की, या प्रथिनानं होणारे पुंजके उसाची साखर घातली की होत नाहीत. प्रथिनाचे हात सुट्या साखरेनं भरून गेले, मग पेशींना धरणार कशानं? समनर यांना स्वतःला एकच हात होता. सतराव्या वर्षी शिकारीत गोळी लागून त्यांचा डावा हात गेला होता. १९४६ साली त्यांना नोबेल पारितोषिक मिळालं.

बोस्टनच्या विल्यम बॉइड यांची हकिकत याहून साधी. १९४५ च्या अखेरीस त्यांनी कोपऱ्यावरच्या किराणा दुकानातून वाळलेले लिमा बीन्स, म्हणजे आपल्या पावट्यासारखे मोठे चपटे दाणे, मागवले. वाटले, मिठाच्या पाण्यात भिजवले, तर अर्कानं ‘ए’ गटाच्या पेशी धरल्या. नेमके तेच दाणे का मागवले, हे त्यांना स्वतःलाही कधी सांगता आलं नाही. १९५४ साली याच बॉइड यांनी या प्रथिनांना ‘लेक्टिन’ हे नाव दिलं. मुळात लॅटिन क्रियापद, अर्थ वेचणं, निवडणं. मी बी.ए. झालो तो भाषेत, त्यामुळे रसायनापेक्षा हा शब्द मला आधी भेटला आणि आवडला. आपल्याकडे बाया सुपात घेऊन कुळीथ निवडतात. इथे कुळीथच निवडायला बसला आहे. (अर्थात शिजवल्यावर या प्रथिनाची घडी मोडते. पिठलं खाणाऱ्यांनी काळजी करू नये.)

आता एक कोडं राहतं. प्रथिनाची खोबण आणि साखरेचं एक टोक यांची पकड प्रत्यक्षात फार ढिली असते. धरलं न धरलं तोच सुटतं. मग पेशींचे असे घट्ट पुंजके होतात कसे?

पावसाळा सरल्यावर आमच्याकडच्या माळावरून चालत गेलेल्या कुणालाही हे सांगता येईल. धोतराच्या सोग्याला किंवा पँटच्या बॉटमला एक कुसळ लागलं तर चुटकीनं उडतं. शंभर लागली की ओट्यावर बसून अर्धा तास जातो. एक सुटेपर्यंत बाकीची धरून असतात, आणि सुटलेलंही जवळच असल्यानं पुन्हा अडकतं. पेशीवरच्या साखरेचं हेच आहे. प्रौढ माणसाच्या ‘ए-एक’ पेशीवर कुळथाला धरण्याजोगी टोकं साधारण आठ ते अकरा लाख असतात. ‘ए-दोन’वर अडीच-तीन लाखांच्या आसपास. दोन्हींवर साखर एकच, फरक बराचसा गर्दीचा. म्हणजे कुळीथ नुसता ओळखत नाही, एका अर्थी मोजतोही.

गर्दीचा हा हिशेब काटेकोरपणे मांडला अमेरिकेतल्या जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठाच्या वाय. सी. ली यांनी. आपल्या यकृताच्या पेशींवरही साखर धरणारं एक लेक्टिन असतं. ली यांनी एका फाट्याचे, दोन फाट्यांचे, तीन फाट्यांचे आणि चार फाट्यांचे रेणू तयार केले, प्रत्येक फाट्याच्या टोकाला एक साखर. १९८३ साली त्यांनी मापं प्रसिद्ध केली. साखर तिप्पट केली तर पकड तिप्पट व्हावी, असा आपला वाण्याचा हिशेब. प्रत्यक्षात ती लाखाहून अधिक पटींनी वाढली. चौथ्या फाट्यानं मात्र फारशी भर घातली नाही. यकृताच्या या प्रथिनाला धरायला जणू तीनच बोटं पुरत होती.

हा कागदावरचा हिशेब पुढे औषधाच्या सुईत आला. कोलेस्टेरॉल उतरवणारं इन्क्लिसिरान नावाचं इंजेक्शन आहे; युरोपात डिसेंबर २०२० मध्ये आणि अमेरिकेत डिसेंबर २०२१ मध्ये त्याला मान्यता मिळाली. सुरुवातीचे दोन डोस झाले की पुढे सहा महिन्यांतून एकदा घ्यायचं. औषध यकृतातच पोचावं म्हणून त्याला तीन फाट्यांची एक शेपटी जोडली आहे. प्रत्येक फाट्याच्या टोकाला साखर आहे एन-असिटिल-गॅलॅक्टोसामाइन, म्हणजे कुळीथ ओळखतो तीच.

तीन-चार फाट्यांवर रसायनशास्त्रज्ञ थांबणार नव्हतेच. पॉलिमर हा शब्द आमच्या बोईसर-तारापूर पट्ट्यात कुणाला नवा नाही; औद्योगिक वसाहतीत कामाला जाणाऱ्या पोरांच्या तोंडी तो रोज असतो. पण आपल्याला माहीत असलेला पॉलिमर बहुतेक वेळा दोरीसारखा, एकाला एक मणी जोडत गेलेला लांबलचक धागा. जर्मनीत बॉन इथे फ्रिट्झ फ्योग्टले यांनी १९७८ साली फांद्या फुटत जाणारे रेणू बांधले, आणि अमेरिकेत डाऊ केमिकल कंपनीतल्या डोनाल्ड टोमालिया यांनी ही कल्पना बरीच पुढे नेली. टोमालिया यांनी १९८५ साली या रेणूंना डेंड्रिमर म्हटलं, ग्रीक भाषेतल्या झाडावरून. दमण-दीवकडच्या किनाऱ्यावर रावणताड दिसतो. साधा ताड सरळसोट वाढतो, पण या ताडाच्या खोडाला दोन फाटे फुटतात, त्या प्रत्येकाला पुन्हा दोन, आणि शेंड्याशेंड्यावर पानांचा झुबका. डेंड्रिमर तसाच, फक्त फांद्या सगळ्या दिशांना. गाभ्यातून दोन, मग चार, आठ, सोळा, बत्तीस, चौसष्ट. झुबक्यांच्या जागी साखर बसवली की साखरेनं मढवलेलं झाड तयार होतं. कॅनडात रने रॉय यांनी १९९३ साली असं झाड केलं. त्याच्या टोकांना होतं सियालिक आम्ल, म्हणजे फ्लूचा विषाणू आपल्या घशातल्या पेशींवर ज्या साखरेला धरतो ती. विषाणूचे हात आधीच भरून टाकायचे. समनर यांच्या उसाच्या साखरेचीच ही युक्ती, फक्त आता सुटी साखर नव्हती, मोळी होती.

२००३ साली स्पेनमधल्या शास्त्रज्ञांनी बत्तीस मॅनोज साखरांचा असा फांद्यांचा पॉलिमर वापरून एबोला विषाणूच्या कवचाची पेशीवरची पकड प्रयोगशाळेत अडवून दाखवली. पुण्याच्या आयसर संस्थेत राघवेंद्र किक्केरी आणि बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेत एन. जयरामन यांनी अशाच साखरेच्या झाडांवर काम केलं आहे. ऐकायला सोपं वाटतं, करायला नाही. साखरेच्या रेणूला जोडणी होऊ शकेल अशा अनेक जागा असतात. हवी ती एक उघडी ठेवून बाकीच्या झाकायच्या, जोडणी झाल्यावर त्या पुन्हा उघडायच्या. बाजारात स्वस्त मिळणारी ही वस्तू प्रयोगशाळेत फार महाग पडते.

हे सगळं परळला येऊन भिडतं, ते कॉलऱ्यामुळे. पटकी, महामारी, नावं कितीतरी. मुंबईपासून वर आमच्या बाजूपर्यंत जरीमरी आईची देवळं आहेत. ती का बांधली, हे आजच्या पोरांना सांगावं लागतं. कॉलऱ्याचा जंतू आतड्याला पोखरत नाही, मग माणूस काही तासांत कोरडा पडून मरतो कसा, हे फार काळ उमगलं नव्हतं. १९५९ साली कोलकात्यात शंभूनाथ डे यांनी आणि त्याच वर्षी परळच्या हाफकिन संस्थेत एन. के. दत्ता, एम. व्ही. पानसे आणि डी. आर. कुलकर्णी यांनी दाखवलं की जंतू नसले तरी चालतं. जंतूंनी सोडलेलं विष पुरेसं आहे. कोलकात्याच्या कामाला उशिरा का होईना मान मिळाला. परळच्या या तिघांची नावं मात्र महाराष्ट्रातही फारशी कुणाच्या कानावर नाहीत, आणि ही गोष्ट मला खटकते.

पुढे कळलं की हे विषही एक लेक्टिनच आहे. पाच सारख्या तुकड्यांचं कडं, प्रत्येक तुकड्याला आतड्याच्या पेशीवरची साखर धरणारी खोबण. पाचही हातांनी धरलं की विषाचा उरलेला तुकडा पेशीत शिरतो. याच घराण्यातलं एक विष हगवणीच्या काही जंतूंत असतं. कॅनडातल्या अल्बर्टा विद्यापीठात डेव्हिड बंडल आणि पावेल कितोव्ह यांच्या चमूनं २००० साली त्याच्या मापाचा पाच हातांचा साखरेचा रेणू बांधला आणि त्याचं नाव ठेवलं ‘स्टारफिश’. किनाऱ्यावरच्या माणसाला तारामासा समजावून सांगावा लागत नाही. त्याची पकड एकट्या साखरेच्या मानानं दहा लाख पटींहून अधिक भरली. कॉलऱ्याच्या विषासाठीही असे पाच हातांचे रेणू तयार झाले.

तरी कॉलऱ्याच्या रुग्णाला वाचवलं ते या देखण्या ताऱ्यानं नाही. १९७१ साली बांगलादेशच्या निर्वासितांच्या बनगावच्या छावणीत डॉ. दिलीप महालनबीस यांनी ग्लुकोज आणि मिठाचं पाणी तोंडानं पाजून माणसं वाचवली. त्यातही साखर आणि प्रथिन यांचीच गाठ आहे. आतड्याच्या भिंतीत एक प्रथिन असतं. ते ग्लुकोज आणि मिठातलं सोडियम दोघांना एकत्र धरून आत घेतं आणि त्यांच्यामागून पाणी येतं. कॉलऱ्याचं विष या दाराला हात लावत नाही. प्रयोगशाळेतल्या झाडांचं मला अप्रूप आहे, पण पुडीतल्या मीठ-साखरेपुढे ती अजून शिकाऊ आहेत, असं माझं मत आहे.

धरणाऱ्या हातांविषयी इतकं झालं. ती साखरच नसली तर काय होतं, हेही परळनंच जगाला दाखवलं. हाफकिनपासून चालत जाण्याच्या अंतरावर केईएम रुग्णालय आणि शेठ गोवर्धनदास सुंदरदास वैद्यकीय महाविद्यालय आहे. तिथे डॉ. वाय. एम. भेंडे आणि त्यांच्या सहकाऱ्यांसमोर असं रक्त आलं की तपासणीत ते ‘ओ’ वाटावं, पण त्यातला द्रव ‘ओ’ गटाच्याही पेशींचे पुंजके करावा. ‘ओ’ म्हणजे कुणालाही चालणारं रक्त, ही समजूत इथे आडवी आली. नमुने लंडनच्या लिस्टर संस्थेत गेले. ३ मे १९५२ च्या ‘लॅन्सेट’मध्ये जो निबंध छापून आला त्यावर सात नावं आहेत: भेंडे, देशपांडे, भाटिया, सँगर, रेस, मॉर्गन आणि वॉटकिन्स. यातल्या वॉटकिन्स आणि मॉर्गन या जोडीनं त्याच वर्षी ईल माशाच्या रक्तातल्या द्रवावर प्रयोग केला होता. ईल म्हणजे आमच्या वाम माशाचा युरोपातला नातेवाईक. तो द्रव ‘ओ’ गटाच्या पेशींना धरतो, पण त्यात फ्युकोज साखर घातली की धरत नाही. ‘ओ’ गटाची खूण फ्युकोज आहे, हे त्यावरून कळायला लागलं. मुंबईच्या त्या रक्तात हीच साखर साखळीवर चढलेली नव्हती. तिच्याशिवाय पुढची ‘ए’ची किंवा ‘बी’ची साखर चढायला जागाच राहत नाही. या गटाला जगभर ‘बॉम्बे’ म्हणतात. शहराचं नाव बदललं, गटाचं बदललं नाही.

ही साखर नसल्यानं माणूस आजारी पडत नाही. सगळं आयुष्य त्याला कळतही नाही. रक्त द्यायची वेळ आली की संकट उभं राहतं. त्याच्या शरीरानं ही साखर कधी पाहिलेली नसते, म्हणून ती धरणारी प्रतिपिंडं त्याच्या रक्तात आधीपासून तयार असतात. त्यातल्या मोठ्या जातीच्या प्रतिपिंडाची रचना पुन्हा पाच तुकड्यांच्या ताऱ्यासारखी, प्रत्येक तुकड्याला दोन हात, म्हणजे एकूण दहा. आणि ‘ओ’ गटाच्या पेशीवर फ्युकोजच्या टोकांची गर्दी सगळ्या गटांत जास्त. दहा हात आणि लाखो कुसळं, हा सामना माणसाच्या रक्तवाहिनीत होतो. बाहेरून आलेल्या पेशी फुटतात, मूत्रपिंडं बंद पडतात.

भारतात दहा हजारांत साधारण एक माणूस या गटाचा आहे. मुंबईत हे प्रमाण थोडं जास्त, युरोपात दहा लाखांत एक. १९५७ साली भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेनं मुंबईत रक्तगट संदर्भ केंद्र काढलं. त्या सातांतले डॉ. एच. एम. भाटिया यांनी त्याची धुरा वाहिली, आणि आज ते केईएमच्या आवारात राष्ट्रीय इम्युनोहिमॅटॉलॉजी संस्था म्हणून ओळखलं जातं. हा दोष आई आणि बाप दोघांकडून आला तरच उमटतो. म्हणून जिथे नात्यात लग्नं होतात तिथे तो जास्त दिसतो. आमच्या मुसलमान घरांत चुलत-मावस भावंडांची लग्नं होतात, शेजारच्या हिंदू घरांत मामाच्या मुलीवर हक्क सांगतात. साखरेच्या हिशेबात दोन्ही सारखंच.

रक्तगट पाहताना नुसत्या पेशी तपासल्या तर हा माणूस ‘ओ’च ठरतो. रक्तातला द्रवही उलट बाजूनं ‘ओ’ गटाच्या पेशींबरोबर तपासला, तरच तो सापडतो. रक्तपेढीत ही दुहेरी तपासणी करायची असते. शिबिराच्या मांडवात टाइलवर बोटाचा थेंब टेकवून होते ती नव्हे. आणि ज्या घरात एक बॉम्बे गटाचा निघाला, तिथे दाता शोधायला सगळ्यात आधी सख्ख्या भावंडांना बोलवायचं असतं. त्यांच्यापैकी प्रत्येकाचं रक्त तसंच असण्याची शक्यता बहुधा चारात एक असते.